बर्फावरचे पाऊल : आर्मां बोंबार्दिये

मुंबईच्या पश्चिम रेल्वेवर २०१५ साली नव्या बनावटीच्या उपनगरी गाड्या धावू लागल्या, आणि 'बंबार्डियर लोकल' हे नाव प्रवाशांच्या तोंडी बसले. डबे चेन्नईच्या कारखान्यातले, आतली विद्युतयंत्रणा मात्र बंबार्डियर नावाच्या कॅनडातील कंपनीची. हे नाव एखाद्या माणसाचे आडनाव असेल, अशी शंका गर्दीत लोंबकळणाऱ्याला कशाला येईल? पण ते आडनावच आहे. त्याचा फ्रेंच उच्चार बोंबार्दिये. आणि गंमत अशी की, ज्यांचे हे आडनाव, त्या जोसेफ-आर्मां बोंबार्दिये यांनी आयुष्यात रुळांवरची गाडी कधी बांधलीच नाही. जिथे रूळ नाहीत, रस्ता नाही, पायाखाली नुसता भुसभुशीत बर्फ आहे, तिथे गाडी कशी चालवावी, या एकाच प्रश्नाचा त्यांनी जन्मभर पाठपुरावा केला.

महाविद्यालयाच्या वार्षिकात थोरांची चरित्रे येतात ती संतांची, सुधारकांची, कवींची. त्या पंगतीत एका खेड्यातल्या गॅरेजवाल्याला मी का बसवतो आहे, असे आमचे प्राध्यापक विचारतील. उत्तर पुढे येईलच. आधी त्यांचे गाव पाहू.

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात वालकूर नावाचे लहानसे गाव आहे. तिथे १६ एप्रिल १९०७ रोजी आर्मां यांचा जन्म झाला. वडील अल्फ्रेड शेती करीत. पुढे त्यांनी दुकान थाटले. आईचे नाव आना. आठ भावंडांत आर्मां थोरले. फ्रेंच बोलणाऱ्या कॅथलिक घरातला थोरला मुलगा म्हणून त्यांनी धर्मगुरू व्हावे अशी घरची इच्छा होती, आणि त्यासाठी त्यांना शेरब्रुकच्या धर्मशाळेत घालण्यातही आले. मुलाचे लक्ष मात्र पोथीपेक्षा घड्याळाच्या चाकांत अधिक. हाती लागेल त्या मोडक्या यंत्रातून तो चालती खेळणी करी. या उचापतींना काही वळण लागावे म्हणून वडिलांनी त्याला फोर्ड गाडीचे एक निकामी इंजिन आणून दिले.

त्या प्रांतातला हिवाळा आपल्याला कल्पनेनेच जाणावा लागतो. मी स्वतः बर्फावर कधी पाय ठेवलेला नाही. महिनोन्‌महिने रस्ते बर्फाखाली गाडले जात, मोटारी गोठ्याशेजारी झाकून ठेवल्या जात आणि माणसे घोड्यांच्या घसरगाड्यांवर येऊनजाऊन असत. अशा हिवाळ्यात, ३१ डिसेंबर १९२२ रोजी, वालकूरच्या रस्त्यावर एक अजब वाहन गर्जत आले. घसरगाडीवर फोर्डचे इंजिन बसवलेले, मागे विमानाला असतो तसा लाकडी पंखा, आणि वर पंधरा वर्षांचा आर्मां व त्याचा धाकटा भाऊ लेओपोल्ड. गाडी चालली! पण उघड्यावर गरगरणारा तो पंखा पाहून वडिलांचा जीव उडाला, आणि त्यांनी ते यंत्र तत्काळ मोडायला लावले.

वडिलांनी यंत्र मोडले. मुलाचे मन मोडले नाही. धर्मशाळा सुटली, गॅरेजमधली उमेदवारी सुरू झाली. मॉन्ट्रियलला दिवसा काम आणि संध्याकाळी यंत्रविद्येचे व विजेचे वर्ग, असा क्रम चालला. यंत्रविषयक नियतकालिके इंग्रजीत असत, तेव्हा ती वाचण्यापुरते इंग्रजी त्यांनी आत्मसात केले. १९२६ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, वडिलांकडून कर्जाऊ पैसे घेऊन त्यांनी वालकूरला स्वतःचे गॅरेज काढले. १९२९ साली इवॉन लाब्रेक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. उन्हाळ्यात मोटारींची दुरुस्ती करायची आणि हिवाळ्यात, गिऱ्हाईक नसले की, बर्फगाडीचे प्रयोग करायचे, असा त्यांचा संसार होता.

आता हा प्रश्न अवघड का, ते पाहू. यात विज्ञानशाखेचे फार काही नाही. चिखलात बैलगाडीचे चाक रुतलेले ज्याने पाहिले आहे त्याला ते कळेल. चाक जमिनीला टेकते ते तळहाताएवढ्या जागेत, आणि सारा भार तेवढ्यावरच येतो. साठ किलोचा माणूस एका पायावर उभा राहिला आणि त्याचे पाऊल दोनशे चौरस सेंटिमीटर धरले, तर दर चौरस सेंटिमीटरवर तीनशे ग्रॅम भार पडतो. ताजा बर्फ एवढा भार सोसत नाही. माणूस मांडीपर्यंत खचतो. उलट, चालक धरून तीनशे किलोचे यंत्र घ्या. त्याच्याखाली अडतीस सेंटिमीटर रुंद पट्टा फिरतो आहे आणि तो एक मीटर लांबीत जमिनीला टेकतो आहे असे समजा. पुढच्या स्कींवर पडणारा भार हिशेबातून सोडून देऊ. आता दर चौरस सेंटिमीटरवर भार येतो तो अवघा एकोणऐंशी ग्रॅम. हीच टेकण्याची लांबी दीड मीटर केली, तर तो त्रेपन्न ग्रॅमवर येतो. म्हणजे माणसाच्या पाचपट वजनाचे यंत्र माणसापेक्षा हलक्या पावलाने चालते! बर्फगाडीचे सारे गुपित त्या पावलाच्या लांबीत आहे.

पण लांबी फुकट मिळत नाही. पट्टा लांब केला की तो जड होतो, त्याला फिरवायला अधिक ताकदीचे इंजिन लागते, आणि ते इंजिन पुन्हा वजन वाढवते. लांब पट्टा सरळ धावतो चांगला. वळायला मात्र कुरकुरतो. त्या काळची इंजिने अतिशय जड होती. एकट्यादुकट्याने बसून जावे अशी चिमुकली गाडी हे आर्मां यांचे मूळ स्वप्न; परंतु इंजिनाच्या वजनापुढे ते टिकेना. प्रयोग होत, मोडले जात, पुन्हा मांडले जात.

अशातच १९३४ चा हिवाळा आला. त्यांचा दोन वर्षांचा मुलगा इवों आजारी पडला. आतड्याच्या पुच्छाचा दाह पोटभर पसरला होता आणि शस्त्रक्रियेवाचून उपाय नव्हता. रुग्णालय शेरब्रुकला, सुमारे पन्नास किलोमीटरवर, आणि रस्ते बर्फाने बंद. बापाच्या कारखान्यात त्या वेळी बर्फगाडीचे सुटे भाग पडले होते, पण चालेल अशी गाडी एकही नव्हती. इवों गेला.

या घटनेवर लिहिताना लेखणी सावरावी लागते. दुःखातून शोध लागला असे म्हणून आपण चटकन मोकळे होतो. पण आर्मां यांचे प्रयोग त्याआधी बारा वर्षे चालूच होते. मुलाच्या मृत्यूने त्यांना बुद्धी दिली नाही. ती त्यांच्याजवळ होतीच. मला वाटते, या मृत्यूने त्यांच्या प्रश्नाचे रूप पालटले. गाडी बर्फावर चालेल का, असे विचारणारा माणूस आता, गाडीत आजारी माणूस निजवून नेता येईल का, असे विचारू लागला.

वर्षभरातच उत्तर हाती आले. रबराने मढवलेले दातेरी चाक आणि त्याच्या दातांत अडकून फिरणारा, रबर व कापडाचा पट्टा, अशी ती रचना होती. रबरामुळे बर्फ चिकटून गोठण्याचा त्रास कमी झाला आणि आवाजही घटला. १९३७ साली तिचे पेटंट मिळाले. त्या रचनेवर बांधलेली बी-७ ही सात माणसांची बंदिस्त गाडी विकली जाऊ लागली. मागे दोन बाजूंना दोन लांब पट्टे आणि पुढे सुकाणूसाठी स्की. डॉक्टर, टपालवाले, धर्मगुरू, हॉटेलमालक ती घेऊ लागले. पाठोपाठ बारा माणसांची बी-१२ निघाली. शाळेच्या मुलांना तिने शाळेत पोचवले, रुग्णांना रुग्णालयात पोचवले. १९४२ साली रीतसर कंपनी स्थापन झाली, आणि महायुद्धाच्या काळात सैन्यासाठीही त्यांनी बर्फावरची वाहने बांधली.

मग संकट आले ते सुधारणेच्या रूपाने! १९४८ साली क्वेबेक सरकारने ग्रामीण रस्त्यांवरचा बर्फ हिवाळाभर हटवण्याचे धोरण कायद्याने पत्करले. रस्ते मोकळे झाले, साध्या मोटारी धावू लागल्या आणि मोठ्या बर्फगाड्यांची मागणी घसरली. लोकांचे भले झाले आणि कारखान्याचे पोट मारले गेले. दुसरा एखादा कायद्याला शिव्या देत बसला असता. आर्मां यांनी रस्ता सोडून रस्त्याबाहेरची जमीन पाहिली. जंगलातला लाकूडतोड्या आणि दलदलीत काम करणारा खाणवाला यांच्यापुढेही पाऊल खचण्याचाच प्रश्न होता. १९५३ साली त्यांनी मस्केग नावाचा पट्ट्यांचा ट्रॅक्टर काढला. मस्केग म्हणजे उत्तरेकडची शेवाळी दलदल. रुंद, लांब पट्ट्यांवर तो तिच्यावरून आरामात जाई.

एवढ्यात दोन गोष्टी जुळून आल्या. बाजारात हलकी इंजिने आली, आणि थोरला मुलगा जर्मेन याने बिनजोडाचा अखंड रबरी पट्टा तयार करण्यात यश मिळवले. पस्तीस वर्षे मागे पडलेले चिमुकल्या गाडीचे स्वप्न आता वजनात बसू लागले. सात अश्वशक्तीचे इंजिन, पुढे लाकडी स्की आणि खाली पंधरा इंच रुंदीचा एकच पट्टा, अशी गाडी १९५९ साली सिद्ध झाली. तिची परीक्षा घ्यायला आर्मां स्वतः उत्तर ऑन्टेरिओतील लॅन्सडाउन हाउस येथे, मोरिस उईमे या धर्मोपदेशक मित्राकडे गेले. तिथल्या आदिवासी वस्तीत हिवाळी प्रवास कुत्र्यांच्या गाडीवर चाले. गाडी कुत्र्यांची जागा घेणार म्हणून तिचे नाव 'स्की-डॉग' ठरले होते. छापताना ते 'स्की-डू' झाले आणि तेच राहिले. पहिल्या हंगामात अवघ्या २२५ गाड्या खपल्या. पुढे मात्र खप इतका झपाट्याने वाढला की गरजेची वस्तू खेळाची वस्तू होऊन बसली. तो बहर आर्मां यांना फार काळ पाहता आला नाही. १८ फेब्रुवारी १९६४ रोजी, छप्पन्नाव्या वर्षी, कर्करोगाने त्यांचे निधन झाले. आगगाड्या आणि विमाने या कंपनीच्या नंतरच्या गोष्टी. बर्फगाडीचा विभाग तर २००३ साली वेगळ्या कंपनीत गेला.

आज रॉकी पर्वतात स्नोमोबाइल चालवणाऱ्या तरुणांपुढे जो प्रश्न असतो, तो ऐकला की आर्मां यांचे सारे आयुष्य आठवते. पट्टा किती लांबीचा घ्यावा? १४६ इंच, १५४, १६५ की १७५? हे माप पट्ट्याच्या पूर्ण वेढ्याचे असते. जमिनीला टेकतो तो निम्म्याहून कमी. दाबून सपाट केलेल्या वाटेवर याहून आखूड पट्टाही पुरतो, कारण तिथे बर्फाने भार आधीच पेललेला असतो. लांबी तिथे नुसते ओझे. झाडांच्या दाटीत चटकन वळायचे असेल तर डोंगरी गाड्यांतला आखूड पट्टा बरा. समुद्राकडचा ओला, जड बर्फ आधार देतो. आतल्या उंच डोंगरातला कोरडा, पिठासारखा बर्फ देत नाही. तिथे, चढावर, लांब पट्टा न खणता वर सरकतो. चालक वजनदार असला तर लांबी थोडी अधिक. परंतु दहा हजार फुटांवर विरळ हवेने साध्या इंजिनाची जवळजवळ तीस टक्के शक्ती जाते, आणि लांब पट्टा फिरवण्याइतका दम इंजिनात उरतो की नाही, हेही पाहावे लागते. म्हणून सर्व तऱ्हेच्या डोंगरात फिरणारे पुष्कळजण १५४ च्या आसपास थांबतात. सर्वांत लांब पट्टा सर्वांत चांगला, असे कोणी म्हणत असेल तर त्याने जमीन पाहिलेली नाही.

याला आणखी एक बाजू आहे, आणि तीच मला सर्वांत महत्त्वाची वाटते. लांब पट्टा माणसाला पूर्वी चढता न येणाऱ्या उतारावर घेऊन जातो. त्याच उतारांवरून हिमाचे कडे कोसळतात. पट्टा तिथवर पोचवील, पण कोसळणाऱ्या कड्यापासून वाचवणार नाही. दरवर्षी असे जीव जातात. आजारी मुलाला बर्फातून बाहेर काढता यावे म्हणून धडपडणाऱ्या माणसाच्या यंत्राने धडधाकट मुलांना बर्फाखाली न्यावे, यात दोष यंत्राचा नाही. माप घेताना किती चढता येईल एवढेच पाहिले आणि घरी कसे परतायचे ते पाहिले नाही, की हे घडते.

आर्मां बोंबार्दिये यांनी पुस्तक लिहिले नाही, भाषणे गाजवली नाहीत. सात माणसांची गाडी, बारा माणसांची गाडी, दलदलीचा ट्रॅक्टर, एकट्याची स्की-डू; दर वेळी पट्ट्याचे माप बदलले, कारण दर वेळी त्यांनी आधी जमीन पाहिली आणि मग माणूस. आपल्या मुलासाठी ती गाडी वेळेवर झाली नाही, तरी दुसऱ्यांच्या मुलांसाठी ती पुरी करण्याचे काम त्यांनी सोडले नाही. संतांच्या आणि सुधारकांच्या पंगतीत त्यांच्यासाठी एक पाट मांडला तर तो वावगा दिसणार नाही, असे मला वाटते.