सांगली-मिरज रस्त्यावरच्या वानलेसवाडीला हे नाव कसं पडलं? टीबीच्या रुग्णांसाठी आयुष्यभर पैसा उभा करणाऱ्या डॉक्टरची गोष्ट

सांगलीहून मिरजेच्या दिशेने निघालं की विश्रामबाग लागतं आणि मग वानलेसवाडी. रोज हजारो लोक इथून ये-जा करतात. शाळेचा, घराचा, दवाखान्याचा पत्ता सांगताना हे नाव सहज तोंडात येतं. पण ते एखाद्या देवाचं किंवा सरदाराचं नाही. ते एका डॉक्टरचं आडनाव आहे.

हा डॉक्टर म्हणजे सर विल्यम जेम्स वानलेस. जन्म कॅनडातला, वैद्यकीय शिक्षण न्यूयॉर्कचं आणि कामाची जवळपास चाळीस वर्षं मिरजेतली. महाराष्ट्रात त्यांची ओळख आहे ती मिरजेचं मिशन हॉस्पिटल उभारणारे सर्जन म्हणून. वाडीला मात्र त्यांचं नाव मिळालं ते एका वेगळ्या कामामुळे. ते काम होतं क्षयरोगाचं, म्हणजे आजच्या भाषेत टीबीचं. आणि तेही टीबीवर एकही औषध नव्हतं त्या काळात.

सांगलीत सुरुवात, मिरजेत मुक्काम

वानलेस यांचा जन्म १८६५ मध्ये कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात झाला. मिशनरी डॉक्टर व्हायचं ठरवून त्यांनी न्यूयॉर्कमध्ये वैद्यकीय शिक्षण घेतलं. १८८९ मध्ये पत्नी मेरी यांच्यासह ते अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे भारतात आले. तेव्हा त्यांचं वय होतं अवघं २४ वर्षांचं.

पहिलं ठिकाण होतं सांगली. तिथे त्यांनी छोटा दवाखाना सुरू केला. पण १८९२ च्या सुमारास त्यांनी आपला मुक्काम मिरजेला हलवला. मिरज त्या काळात झपाट्याने रेल्वेचं जंक्शन बनत होतं. पुण्याहून बेळगावकडे जाणारी गाडी इथून जायची आणि १८९१ मध्ये कोल्हापूरचा फाटाही इथे येऊन मिळाला होता. सातारा, कोल्हापूर, बेळगाव, विजापूर अशा चारी दिशांच्या रुग्णांना मिरजेला पोहोचणं सोपं होतं. हॉस्पिटलसाठी यापेक्षा सोयीची जागा दक्षिण महाराष्ट्रात क्वचितच सापडली असती.

प्रश्न होता पैशांचा. मिशनकडून मिळणाऱ्या रकमेत दवाखाना चालला असता, हॉस्पिटल नाही. वानलेस यांनी दोन्हीकडे हात पसरले. जागा मिळाली मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांकडून. इमारतीसाठी मोठी देणगी दिली जॉन कॉन्व्हर्स यांनी. हे गृहस्थ होते अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरातल्या बाल्डविन लोकोमोटिव्ह वर्क्स या रेल्वे इंजिनांच्या कारखान्याचे प्रमुख. म्हणजे मिरजेच्या हॉस्पिटलच्या भिंती उभ्या राहिल्या त्या संस्थानाच्या जमिनीवर आणि इंजिनं विकून आलेल्या पैशांवर. १८९४ मध्ये हॉस्पिटल सुरू झालं.

संस्थानिकाकडून जागा, परदेशातल्या देणगीदाराकडून इमारत आणि ऐपत असलेल्या रुग्णांच्या फीमधून गरिबांवर उपचार, असं गणित वानलेस यांनी पुढे आयुष्यभर मांडलं.

ऑपरेशनचा डॉक्टर

मिरजेत वानलेस यांचं नाव झालं ते शस्त्रक्रियांमुळे. मोतीबिंदू, मुतखडा, गाठी, हर्निया असे रुग्ण दूरदूरच्या गावांहून येत. ऑपरेशनचा फायदा लगेच दिसायचा. काठी टेकत आलेला म्हातारा डोळे उघडून घरी जायचा आणि गावभर सांगायचा. कोल्हापूरचे शाहू महाराज हे वानलेस यांचे स्नेही होते.

१८९७ मध्ये त्यांनी मिरजेतच वैद्यकीय शिक्षणाची शाळा सुरू केली. परिचारिकांचं प्रशिक्षणही सुरू झालं. कारण साधं होतं. एक डॉक्टर कितीही राबला तरी चार जिल्ह्यांना पुरणार नव्हता. ही प्लेगची वर्षं होती. १८९६ मध्ये मुंबईत आलेली साथ पुढे दक्षिण महाराष्ट्रात पसरली आणि शिकलेल्या माणसांची गरज किती मोठी आहे, हे सगळ्यांनाच कळून चुकलं.

हे सगळं मिशनचं काम होतं आणि धर्मप्रसार हा मिशनचा उघड उद्देश होता, हेही नोंदवायला हवं. त्यावरून मिशन हॉस्पिटलांकडे संशयाने पाहणारे लोक त्या काळातही होते. तरीही रुग्णांची रांग थांबली नाही.

जिथे सुरी चालत नव्हती

मोतीबिंदूचा रुग्ण काही दिवसांत बरा होऊन जायचा. पण काही आजारांत सर्जनच्या कौशल्याला किंमत नव्हती. कुष्ठरोग हा त्यातला एक. १९०० च्या सुमारास मिरजेत कुष्ठरुग्णांसाठी वेगळी सोय झाली, तीत वानलेस यांचा पुढाकार होता. दुसरा आजार क्षय. गंमत म्हणजे हे दोन्ही रोग करणारे जंतू एकाच कुळातले आहेत. दोघेही हळू वाढतात आणि वर्षानुवर्षं शरीरात दबा धरून बसू शकतात.

टीबीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्येच शोधला होता. आठ वर्षांनी त्यांनी ट्युबरक्युलिन नावाचा उपाय जाहीर केला, जगभर खळबळ उडाली, पण त्याने रोग बरा होत नाही हे लवकरच सिद्ध झालं. म्हणजे शत्रू कोण ते माहीत होतं, हत्यार मात्र नव्हतं.

मग डॉक्टर करायचे काय? ते रुग्णाच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीवर विसंबायचे. मोकळी हवा, पूर्ण विश्रांती, दूध-अंड्यांचा खुराक. रोज ताप मोजायचा, दर आठवड्याला वजन करायचं आणि वाट पाहायची. असं काम करणाऱ्या जागेला सॅनेटोरियम म्हणत, मराठीत आरोग्यधाम.

यामागे शास्त्र होतं, पण ते नीट उलगडायला अजून बरीच वर्षं जायची होती. टीबीचा जंतू शरीरात गेलेल्या प्रत्येकाला टीबी होत नाही. बहुतेकांच्या शरीरातल्या पेशी जंतूभोवती एक गाठ तयार करतात आणि त्याला तिथेच कोंडून ठेवतात. निरोगी माणसात ही तटबंदी आयुष्यभर टिकू शकते. साधारण दहापैकी एखाद्याच माणसात ती कधीतरी ढासळते आणि रोग डोकं वर काढतो. उपासमार, अतिकष्ट, दुसरा आजार यांनी ती ढासळायला मदत होते. सॅनेटोरियमचा सगळा खटाटोप ही तटबंदी पुन्हा उभी राहावी यासाठीच होता.

वानलेसवाडी

महाराष्ट्रात या कामासाठी आधी नाव झालं पाचगणीचं. सातारा जिल्ह्यातल्या या गावात, सुमारे १,३०० मीटर उंचीवर, डॉ. रुस्तम बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये क्षयरुग्णांसाठी सॅनेटोरियम सुरू केलं. तेच पुढे बेल-एअर या नावाने ओळखलं गेलं. पण तासगाव किंवा जतच्या शेतकऱ्याने घाट चढून पाचगणीला जायचं आणि महिनोन्महिने राहायचं, हे सहज जमण्यासारखं नव्हतं.

१९२० च्या सुमारास मिरज आणि सांगलीच्या मध्ये, गावाबाहेरच्या मोकळ्या कोरड्या माळावर क्षयरोग्यांसाठी सॅनेटोरियम उभं राहिलं. थंड डोंगर नव्हता, पण हवा कोरडी होती आणि रेल्वे जवळ होती. पुढे त्या संस्थेला वानलेस यांचं नाव मिळालं आणि परिसर झाला वानलेसवाडी.

हे काम हॉस्पिटलपेक्षा अवघड होतं आणि त्याचं कारण पुन्हा पैसा. सर्जनच्या एका खाटेवर वर्षभरात कितीतरी रुग्ण बरे होऊन जातात. क्षयाच्या एका खाटेवर एकच माणूस सहा महिने, कधी वर्षभर पडून राहायचा. त्याला रोज चांगलं खायला घालायचं. त्यातून तो बरा होईलच याची खात्री नाही. घरी कमावणारा माणूसच आजारी, त्यामुळे फी मागायची कोणाकडे? देणगीदाराला दाखवायला डोळे उघडलेला म्हातारा असला की काम सोपं होतं. वजन अर्धा शेर वाढलेला, अजून खोकणारा तरुण दाखवून पैसे मागणं कठीण होतं. वानलेस यांनी हे काम हाती घेतलं ते पन्नाशी ओलांडल्यावर, नाव आणि ओळखी दोन्ही जमल्यावर. त्या नावाचा उपयोग त्यांनी ज्या आजाराला कोणी पैसे देत नव्हतं त्याच्यासाठी केला.

मेरी यांच्या निधनानंतर वानलेस यांनी लिलियन हेवन्स यांच्याशी लग्न केलं होतं. ब्रिटिश सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिलं आणि १९२८ मध्ये सर ही पदवी दिली. त्याच वर्षी ते निवृत्त होऊन अमेरिकेला गेले. १९३३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ग्लेनडेल इथे त्यांचं निधन झालं. लिलियन यांनी लिहिलेलं त्यांचं चरित्र १९४४ मध्ये प्रसिद्ध झालं.

औषध आलं, मग एचआयव्ही आला

त्याच १९४४ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनच्या शोधाची बातमी जगाला कळली. टीबीच्या जंतूला मारणारं औषध वानलेस यांच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी सापडलं होतं. पुढे आणखी औषधं आली. १९५९ मध्ये मद्रासच्या एका गाजलेल्या अभ्यासाने दाखवून दिलं, की नियमित गोळ्या घेतल्या तर घरी राहणारा गरीब रुग्णही सॅनेटोरियममधल्या रुग्णाइतकाच बरा होतो. जगभरातली सॅनेटोरियमं ओस पडू लागली किंवा त्यांची साधी हॉस्पिटलं झाली. प्रतिकारशक्तीचा प्रश्न मागे पडला.

तो पुन्हा पुढे आला एचआयव्हीमुळे. भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ ची. ट्रकचे रस्ते आणि मुंबईला कामासाठी जाणारे लोक यामुळे सांगली-सातारा पट्ट्याला त्याची झळ लवकर बसली. सांगलीत संग्राम ही संस्था १९९२ पासून यावर काम करते आहे. पाचगणीच्या बेल-एअरमध्येही क्षयरुग्णांच्या जोडीला एचआयव्हीचे रुग्ण येऊ लागले.

हे दोन आजार जोडीने येतात याचं कारण त्या तटबंदीत आहे. जंतूला कोंडून ठेवणाऱ्या फौजेत सीडी-फोर नावाच्या पेशी महत्त्वाच्या असतात. एचआयव्ही नेमका त्यांनाच संपवतो. म्हणून ज्या सुप्त टीबीचा धोका इतरांना आयुष्यभरात साधारण पाच ते दहा टक्के असतो, तो उपचार न घेतलेल्या एचआयव्हीबाधिताला दर वर्षालाच जवळपास तितका असतो. आजही एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या मृत्यूचं सर्वात मोठं कारण टीबीच आहे. एचआयव्हीची औषधं वेळेवर सुरू केली आणि टीबी रोखणाऱ्या गोळ्या दिल्या, तर हा धोका खूप कमी होतो.

पण मूळ प्रश्न सुटलेला नाही. जंतू शरीरात असूनही दहापैकी नऊ जणांना रोग का होत नाही? त्यांची प्रतिकारशक्ती नेमकं काय करते? हे कळलं तर चांगली लस बनू शकेल, कारण १९२१ पासून वापरात असलेली बीसीजी लहान मुलांना उपयोगी असली तरी मोठ्यांच्या फुप्फुसांच्या टीबीपासून पुरेसं संरक्षण देत नाही. त्यासाठी एचआयव्ही असलेल्या आणि नसलेल्या अशा दोन्ही लोकांच्या रक्ताची वर्षानुवर्षं तुलना करावी लागते. २०१३ मध्ये भारत आणि अमेरिकेच्या सरकारांनी मिळून रिपोर्ट इंडिया नावाचा संशोधन कार्यक्रम सुरू केला. त्यात पुण्याचं बी. जे. मेडिकल कॉलेज आणि चेन्नईची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था एकत्र काम करतात आणि रुग्णांसोबत त्यांच्या घरच्यांचाही दीर्घकाळ पाठपुरावा होतो.

हेही काम वानलेसवाडीच्या खाटेसारखंच आहे. महाग, संथ आणि निकालाची खात्री नसलेलं. अर्धा पैसा इथला, अर्धा समुद्रापलीकडचा, हेही तसंच. आणि धोकाही तोच. २०२५ मध्ये अमेरिकन सरकारने परदेशातल्या आरोग्य कार्यक्रमांचा आणि संशोधनाचा पैसा मोठ्या प्रमाणावर आखडता घेतला, तेव्हा परक्या देणगीवर उभं राहिलेलं काम किती पटकन अडचणीत येऊ शकतं, हे सगळ्या जगाला दिसलं.

वानलेस यांच्याकडे टीबीचं औषध नव्हतं. त्यांना एवढंच ठाऊक होतं, की रुग्णाचं शरीर स्वतः लढू शकतं, पण त्याला वेळ द्यावा लागतो आणि त्या वेळेचे पैसे कुणीतरी भरावे लागतात. सांगली-मिरज रस्त्यावरच्या त्या वाडीचं नाव, ज्याने ते पैसे भरायला माणसं शोधली, त्याचं आहे.