महात्मा जोतीराव फुले व त्यांचे शाळासोबती

आईबाप, भाऊबंद आणि सगेसोयरे हे मनुष्यास जन्माबरोबरच लाभतात. त्यांची निवड करण्याचे स्वातंत्र्य कोणासही नसते. विवाहसंबंध वडीलधारी मंडळी जुळवून आणतात. व्यवसायातील स्नेह पुष्कळदा व्यवहारापुरता असतो. परंतु शाळेच्या बाकावर जडलेला स्नेह मात्र या सर्वांहून निराळा होय. त्या वयात मनात हिशेब नसतो, मानपानाची जाणीव नसते, आणि शेजारी बसलेल्या मुलाचे कुळ कोणते हे विचारण्याची बुद्धीही सहसा होत नाही. म्हणूनच तो स्नेह टिकला तर जन्मभर टिकतो. मात्र तो आपोआप टिकत नाही. त्याची जोपासना करावी लागते, आणि प्रसंगी त्याची किंमतही मोजावी लागते.

महात्मा जोतीराव गोविंदराव फुले यांचे चरित्र आपल्या समाजातील घरोघरी ठाऊक आहे. त्यांच्या तसबिरीस आपण दरवर्षी हार घालतो, आणि ज्या माळी समाजात त्यांचा जन्म झाला त्याच समाजात आपणही जन्मलो याचा अभिमान बाळगतो. तो योग्यच आहे. तथापि या चरित्रातील एका गोष्टीकडे आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही, असे आम्हांस वाटते. ती गोष्ट म्हणजे जोतीरावांचे शाळासोबती. या स्मरणिकेच्या पानांतून तिचाच थोडा परामर्श घेण्याचे आम्ही योजिले आहे.

जोतीरावांचा जन्म 11 एप्रिल 1827 रोजी झाला. त्यांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुण गावचे आणि मूळ आडनाव गोऱ्हे. पुण्यास पेशव्यांना फुले पुरविण्याच्या व्यवसायामुळे फुले हे नाव घराण्यास चिकटले. आई चिमणाबाई जोतीरावांच्या तान्हेपणीच निवर्तल्या. गोविंदरावांनी दुसरा विवाह केला नाही. सगुणाबाई क्षीरसागर या मायाळू बाईंनी मुलाचा सांभाळ केला. अशा पोरक्या मुलास वयाच्या सातव्या वर्षी मराठी शाळेत घातले गेले, हीच त्या काळी मोठी गोष्ट होती.

परंतु हे सुख फार दिवस टिकले नाही. माळ्याच्या मुलाने शिकून काय करावयाचे, शिकला तर तो मळ्याच्या उपयोगाचा राहणार नाही, असे दुकानातील कारकुनाने गोविंदरावांच्या मनात भरविले, आणि जोतीरावांची शाळा सुटली. हाती पाटीऐवजी खुरपे आले. पुढे 1840 साली नायगावच्या खंडोजी नेवसे पाटलांची कन्या सावित्रीबाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्या वेळी जोतीराव तेरा वर्षांचे आणि सावित्रीबाई नऊ वर्षांच्या होत्या. येथेच हे चरित्र संपून जावयाचे. मळा, संसार आणि फुलांचा व्यापार यांत जसे इतर हजारोंचे आयुष्य गेले तसे याही मुलाचे गेले असते. परंतु दिवसभर मळ्यात राबून रात्री दिव्याच्या उजेडात वाचीत बसणारा हा मुलगा शेजारच्या गफार बेग मुन्शींच्या दृष्टीस पडला. फारशीचे हे विद्वान आणि लिजिटसाहेब या दोघांनी गोविंदरावांची समजूत घातली. 1841 साली चौदा वर्षांचे जोतीराव पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या इंग्रजी शाळेत दाखल झाले. तीन वर्षे खंड पडलेला, लग्न झालेला विद्यार्थी पुन्हा वर्गात येऊन बसतो तेव्हा त्यास किती संकोच वाटत असेल, हे आम्हां शिक्षकांस सांगावयास नको.

या शाळेत जोतीरावांना जे सोबती लाभले त्यांत सदाशिव बल्लाळ गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर आणि सखाराम यशवंत परांजपे हे तिघे प्रमुख होत. तिघेही ब्राह्मण कुळातील. पेशवाई लयास जाऊन तेव्हा पुरती पंचवीस वर्षेही झाली नव्हती. ज्या पुण्यात पेठापेठांतून सोवळ्याओवळ्याच्या भिंती उभ्या होत्या, त्या पुण्यात एका माळ्याच्या मुलाची या तिघांशी गट्टी जमली. घरी पंगत निराळी, पाणी निराळे, परंतु शाळेत पुस्तक मात्र एकच. सदाशिवरावांचे व त्यांचे तर सख्ख्या भावांसारखे जमले. छत्रपती शिवाजी महाराज आणि अमेरिकेचे जॉर्ज वॉशिंग्टन यांची चरित्रे या मुलांनी आवडीने वाचली. 1847 साली शिक्षण संपण्याच्या सुमारास टॉमस पेन या लेखकाचा मानवी हक्कांविषयीचा ग्रंथ जोतीरावांच्या हाती आला. सर्व माणसे जन्मतः समान हक्काची आहेत, हा विचार त्यांच्या मनात तेव्हा जो रुजला तो पुढे कधी उपटला गेला नाही. शाळेबाहेर लहुजी वस्ताद साळवे यांच्या आखाड्यात ते दांडपट्टा व नेमबाजी शिकत. लहुजी मांग समाजातील. म्हणजे मनाची तालीम ब्राह्मण मित्रांच्या संगतीत आणि शरीराची तालीम मातंग गुरूच्या हाताखाली, असे जोतीरावांचे शिक्षण झाले.

यानंतरची घटना सर्वश्रुत आहे. 1848 साली एका ब्राह्मण मित्राने जोतीरावांना आपल्या विवाहास बोलाविले. जोतीराव वरातीत इतरांबरोबर चालू लागले. शूद्र असून आमच्या बरोबरीने कसा चालतोस, असा जाब वरातीतील कोणी त्यांना विचारला आणि त्यांचा अपमान केला. तरुण जोतीराव तेथून परत फिरले. या प्रसंगाने त्यांच्या आयुष्यास वळण लागले, असे सर्व चरित्रकार मानतात.

या ठिकाणी वाचकांनी क्षणभर थांबून विचार करावा अशी आमची विनंती आहे. त्या दिवशी जोतीरावांपुढे दोन वाटा होत्या. ब्राह्मण तेवढा शत्रू असे ठरवून शाळेतील सोबत्यांशीही संबंध तोडावा, ही एक वाट. अपमान गिळून मुकाट्याने बसावे, ही दुसरी. जोतीरावांनी दोन्ही सोडल्या. ज्या रूढीने आपला अपमान केला ती रूढी मुळापासून उखडावयाची, असा त्यांनी निश्चय केला. परंतु वरातीतल्या माणसाचा अपराध बाकावरच्या मित्राच्या माथी मारला नाही. आणि मित्रांनीही, जोतीराव ज्या रूढीवर घाव घालू पाहत होते ती आपल्याच घरची आहे म्हणून त्यांचा हात सोडला नाही. या दुसऱ्या गोष्टीस लागणारे धैर्य पहिलीहून कमी नव्हे.

त्याच सुमारास जोतीराव आपले मित्र सदाशिवराव गोवंडे यांच्यासमवेत अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथे गेले. तेथील अमेरिकन मिशनमध्ये मिस फॅरार या बाई मुलींच्या शाळा चालवीत. त्या पाहून मुलींच्या शिक्षणाची कल्पना जोतीरावांच्या मनात पक्की झाली, आणि 1848 सालीच पुण्याच्या बुधवार पेठेत भिडे यांच्या वाड्यात त्यांनी मुलींची शाळा सुरू केली. वाडा देणारे तात्यासाहेब भिडेही ब्राह्मणच होते. सावित्रीबाई शिकवू लागल्या. रस्त्याने जाताना लोकांनी त्यांच्या अंगावर शेण व चिखल फेकला, ही कथा आपल्या मुलाबाळांना पाठ आहे. 1849 साली लोकांच्या दडपणाखाली गोविंदरावांनी मुलास व सुनेस घराबाहेर काढले. शाळा काही काळ बंद पडली.

मनुष्य घराबाहेर पडतो तेव्हा सोबती कोण आणि ओळखीचे कोण हे आपोआप कळते. भाऊबंद दूर झाले, परंतु शाळासोबती जवळ आले. गोवंडे, वाळवेकर व परांजपे यांचे साहाय्य शाळांच्या कामी जोतीरावांना सतत लाभले. 3 जुलै 1851 रोजी बुधवार पेठेतील अण्णासाहेब चिपळूणकरांच्या वाड्यात मुलींची शाळा निघाली. त्याच वर्षी रास्ता पेठेत व 1852 साली वेताळ पेठेत आणखी शाळा निघाल्या. 16 नोव्हेंबर 1852 रोजी विश्रामबागवाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते शालजोडी देऊन सरकारने जोतीरावांचा सत्कार केला. पुढे 1853 साली महारमांग आदी लोकांस विद्या शिकविण्यासाठी एक मंडळी स्थापन झाली. त्या मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांत गोवंडे, वाळवेकर आणि परांजपे हीच नावे आपणांस आढळतात. दहा वर्षांपूर्वी जी मुले एका वर्गात धडे गिरवीत होती, तीच आता ज्यांना कोणी वर्गात घेत नव्हते त्यांच्यासाठी वर्ग उघडीत होती. शाळेच्या आठवणी जागविण्याची याहून थोर रीत आम्हांस तरी ठाऊक नाही.

पुढील काळात जोतीरावांची लेखणी उत्तरोत्तर प्रखर होत गेली. 1863 साली त्यांनी फसलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. 1869 साली शिवाजी महाराजांवरील पवाडा व ब्राह्मणांचे कसब ही पुस्तके प्रसिद्ध झाली. 1873 साली गुलामगिरी हा ग्रंथ निघाला, आणि त्याच वर्षी 24 सप्टेंबर रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. या लेखनात पुरोहितवर्गावर जे प्रहार आहेत ते सौम्य नाहीत. ते वाचून पुण्यातील पुष्कळ विद्वान संतापले. असे असूनही गोवंडे आदी मित्रांशी असलेला जोतीरावांचा स्नेह तुटला नाही. मत कितीही प्रखर असो, मैत्रीची जागा निराळी, हे दोन्ही पक्षांस उमगले होते.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानी येते. शिवचरित्र, वॉशिंग्टनचे चरित्र आणि मानवी हक्कांचा ग्रंथ ही या सोबत्यांच्या शाळकरी वयातील वाचनाची शिदोरी. त्यांतील शिवचरित्र पुढे वीस-पंचवीस वर्षांनी पवाडा होऊन बाहेर पडले. आणि गुलामगिरी हा ग्रंथ जोतीरावांनी अर्पण केला तो अमेरिकेतील ज्या सज्जनांनी गुलामांना दास्यातून मुक्त केले त्यांना. लहुजींच्या आखाड्यातील तारुण्याची आठवणही त्यांनी याच ग्रंथात लिहून ठेविली आहे. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मनुष्य मागे वळून पाहतो, आणि त्यास आपल्या साऱ्या कार्याचे मूळ शाळेच्या व आखाड्याच्या दिवसांत सापडते, हे किती अर्थपूर्ण आहे!

ज्यांच्याशी मतभेद होता त्यांच्याही संकटात जोतीराव धावून जात. 1882 साली कोल्हापूर प्रकरणात टिळक व आगरकर यांच्यावर बदनामीचा खटला झाला, तेव्हा जोतीरावांनी आपले स्नेही रामशेट उरवणे यांना दहा हजार रुपयांच्या जामिनास उभे केले. हे टिळक-आगरकर डेक्कन कॉलेजातील जिवलग मित्र. दोघांनी एकशे एक दिवस डोंगरीच्या तुरुंगात एकत्र काढले. परंतु पुढे सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर त्यांच्यांत अंतर पडले, आणि 1890 च्या अखेरीस टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले. दोघेही थोरच, त्यात शंका नाही. परंतु मतभेदाच्या तापात मैत्री सांभाळणे थोरांनाही किती कठीण जाते, हे यावरून दिसून येते. जोतीराव व त्यांच्या सोबत्यांचे मोल त्यामुळे अधिकच भरते.

11 मे 1888 रोजी मुंबईस मांडवी येथील कोळीवाड्यात जनतेने जोतीरावांना महात्मा ही पदवी दिली. त्याच वर्षी अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात लुळा पडला. डाव्या हाताने लिहून त्यांनी सार्वजनिक सत्यधर्म हा अखेरचा ग्रंथ पुरा केला. तो त्यांच्या पश्चात 1891 साली प्रसिद्ध झाला. कंत्राटदारीत मिळविलेला पैसा लोककार्यात संपून गेला होता. त्या विपन्नावस्थेत मामा परमानंद यांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांना पत्रे लिहून साहाय्याची खटपट केली. 28 नोव्हेंबर 1890 रोजी जोतीरावांची प्राणज्योत मालवली. दत्तक पुत्र यशवंत यांच्या हक्कास भाऊबंदांनी हरकत घेतली तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती धरून अंत्ययात्रेची वाट चालली. रक्ताचे नाते अखेरच्या क्षणीही हक्कासाठी भांडत होते, आणि जोडलेली नाती शेवटपर्यंत पदरमोड करीत होती, असे हे चित्र आहे.

ज्ञातिबंधुभगिनींनो, आम्ही आयुष्याची अनेक वर्षे शाळेत घालविली. वर्गात एका बाकावर बसणारी मुले पुढे आपापल्या वाड्यावस्तीत आणि आपापल्या जातीच्या मेळाव्यांत कशी विखुरतात हे आम्ही पाहिले आहे. कधी काळी ती भेटली तर छडीच्या, टोपणनावांच्या आणि गणिताच्या गुरुजींच्या गोष्टी निघतात, खूप हसणे होते, आणि मंडळी पांगतात. त्यात वावगे काही नाही. तो आनंदही निर्मळच आहे. परंतु जोतीराव, सदाशिवराव, मोरोपंत व सखारामपंत यांच्याकडे पाहिले म्हणजे वाटते की, शाळासोबत्यांच्या भेटीचे फळ एवढेच असू नये. चार सोबत्यांनी मिळून एखाद्या गरीब मुलाच्या फीचा भार उचलावा, आपल्या जुन्या शाळेस पुस्तके द्यावीत, आजारी सोबत्याच्या घरी जाऊन यावे.

आपला संघ ज्ञातीच्या उन्नतीसाठी आहे, आणि तो तसाच राहावा. परंतु ज्या महापुरुषास आपण आपला म्हणतो, त्याच्या कार्यास पहिला हातभार लावणारे सोबती आपल्या ज्ञातीबाहेरचे होते, हे आपण आपल्या मुलांना अवश्य सांगितले पाहिजे. जोतीरावांना केवळ आपल्या घरात कोंडून ठेवणे म्हणजे त्यांचा मोठेपणा लहान करणे होय. आपल्या मुलाचा शाळासोबती घरी आला तर त्याचे आडनाव विचारण्याआधी त्यास पाणी विचारावे, पंगतीस बसवावे. कोणत्या बाकावर कोणता सदाशिवराव बसला आहे, हे कोणी सांगावे! एवढे जरी आपल्या घरांतून घडले, तरी या वर्षीचा जयंतीचा हार महात्माजींच्या तसबिरीस खऱ्या अर्थाने पोहोचला, असे आम्ही समजू.