कै. नाना शंकरशेट

मुंबई नगरीच्या घडणीत ज्यांचा वाटा सिंहाचा, ते जगन्नाथ शंकरशेट १८०३ साली मुरबाड येथे दैवज्ञ मुरकुटे घराण्यात जन्मले. १८२२ साली पिता निवर्तले व पेढीचा भार ऐन तारुण्यात त्यांच्यावर आला. आगगाडीच्या कंपनीचे संचालकपद आणि १८५२ ची बाँबे असोसिएशन सर्वश्रुतच आहेत.

नानांची खरी कसोटी लागली ती एज्युकेशन बोर्डात. बोर्डाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी हे सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश. सरकारचा पैसा इंग्रजी शिक्षणावरच वेचावा, असा त्यांचा आग्रह. नाना स्वतः उत्तम इंग्रजी जाणत. सरकारदरबारी त्यांचा मानही मोठा. गप्प बसणे सोयीचे होते. तरीही १८४७ च्या सुमारास त्यांनी लेखी विरोध नोंदविला. मूठभरांना इंग्रजी येईल, पण बहुजन अज्ञानातच राहतील. विद्या सर्वांपर्यंत न्यावयाची तर देशभाषेतूनच, हे त्यांचे म्हणणे. कर्नल जर्व्हिस व इतर एतद्देशीय सभासद त्यांच्या बाजूस उभे राहिले. आपल्या लोणी भापकरसारख्या गावातील मुलाचा कैवार त्या दिवाणखान्यात दुसरे कोण घेणार होते?

पुढे मुंबईच्या कायदेमंडळातही ते बसले. अर्थात सरकारी नेमणुकीने, कारण मतदानाचे युग अजून दूर होते. ३१ जुलै १८६५ रोजी त्यांचे देहावसान झाले. मौज अशी, की मराठीच्या या कैवाऱ्याच्या नावे मॅट्रिकला जी शिष्यवृत्ती सुरू झाली, ती संस्कृतात पहिल्या येणाऱ्यासाठी.