आवाजाला दाद, देहाला हसू : उमादेवींची ‘टुणटुण’ झाली तेव्हा

वसई : सकाळच्या विरार लोकलच्या महिला डब्यात तीन जणींच्या बाकावर चौथीने टेकायचे, हा अलिखित नियम आहे. मात्र ही चौथी अंगाने स्थूल असेल, तर नियम पाळण्यापूर्वी तिघींच्या नजरा तिच्या देहाचे माप घेतात. कुणी नाइलाजाने सरकते, कुणी खिडकीबाहेर पाहू लागते. पूर्वी अशा वेळी दबक्या आवाजात एक नाव हमखास उच्चारले जाई : टुणटुण. शाळेच्या मैदानातही जाड मुलीला हाक मारण्यासाठी दुसरे नाव शोधावे लागत नसे. हे नाव ज्या स्त्रीचे होते, ती एकेकाळी देशाने डोळे मिटून ऐकलेली गायिका होती, याचा मात्र अनेकांना पत्ता नसे.

उमादेवी खत्री यांचा जन्म ११ जुलै १९२३ रोजी उत्तर प्रदेशातील अमरोहाजवळच्या एका खेड्यात झाला. जमिनीच्या वादातून आई-वडिलांची हत्या झाली, तेव्हा त्या इतक्या लहान होत्या की पुढे त्यांना आईचा चेहराही आठवत नसे. भाऊही गेला. नातलगांच्या घरी दोन वेळच्या जेवणाच्या मोबदल्यात घरकाम करीत त्या वाढल्या. संगीताचे शिक्षण मिळाले नाही. रेडिओवरील गाणी ऐकत, गुणगुणत गळा तयार झाला. विशीत असताना त्या घर सोडून मुंबईत आल्या. संगीतकार नौशाद यांचे दार ठोठावून त्यांनी गाण्याची संधी मागितली आणि ती न मिळाल्यास समुद्रात उडी घेण्याची धमकी दिली, असे सांगितले जाते.

संधी मिळाली. ए. आर. कारदार यांच्या ‘दर्द’ (१९४७) या चित्रपटात नौशाद यांनी त्यांच्याकडून गाऊन घेतले. पडद्यावर मुनव्वर सुलताना होत्या आणि आवाज उमादेवींचा. त्यातील त्यांचे एकल गीत घराघरांत पोहोचले. जुन्या गाण्यांच्या शौकिनांना ते आजही पहिल्या सुरावरून ओळखू येते. हे गाणे ऐकून एक चाहता दिल्लीहून मुंबईला आला आणि पुढे तोच त्यांचा पती झाला, अशीही आठवण सांगतात. केवळ आवाजावर माणसाने जीव लावावा, असे भाग्य उमादेवींच्या वाट्याला आले होते. पुढच्याच वर्षी ‘अनोखी अदा’ आणि मद्रासच्या जेमिनी संस्थेचा भव्य ‘चंद्रलेखा’ या चित्रपटांतही त्या गायल्या.

हा बहर फार टिकला नाही. कराराच्या वादातून कामे कमी झाली, लता मंगेशकर यांच्या उदयाबरोबर गाण्याची तऱ्हा बदलली आणि जुन्या वळणाच्या गळ्यांना मागणी उरली नाही. संसार आणि मुलांची जबाबदारी होती. अशा वेळी अभिनय करून पाहण्याचा सल्ला नौशाद यांनीच दिला. दिलीपकुमार यांच्यासोबत काम मिळणार असेल तरच, ही उमादेवींची अट होती. ‘बाबुल’मध्ये (१९५०) ती पूर्ण झाली. ‘टुणटुण’ हे नावही दिलीपकुमार यांनीच दिले, असे मानले जाते.

येथून एका स्त्रीचे दोन जन्म वेगळे झाले. आवाज ऐकू येत होता आणि देह दिसत नव्हता, तोवर रसिकांनी दाद दिली. देह दिसू लागताच तोच विनोद ठरला. ‘आरपार’, ‘मिस्टर अँड मिसेस ५५’, ‘प्यासा’ अशा गाजलेल्या चित्रपटांसह सुमारे २०० चित्रपटांत त्या झळकल्या. १९९० पर्यंत त्या पडद्यावर दिसत राहिल्या. भूमिका बहुतेक वेळा ठरलेली असे. किडकिडीत नवऱ्याची धिप्पाड बायको किंवा नायकाच्या अंगावर कोसळणारी बाई. त्यांची विनोदाची जाण अचूक होती, पण ती आजमावण्याची गरज पटकथाकारांना क्वचितच भासली. त्यांनी पडद्यावर येणे एवढेच पुरेसे मानले गेले.

याच काळात भरल्या अंगाचे भगवानदादा ‘अलबेला’चे (१९५१) नायक झाले आणि गीता बाली त्यांच्या नायिका झाल्या. या चित्रपटाचे निर्माते व दिग्दर्शक तेच होते, हे खरे. तरीही प्रेक्षकांनी त्यांना नायक म्हणून स्वीकारले. त्यांच्या नाचाची लकब आजही गणपतीच्या मिरवणुकीत कौतुकाने उचलली जाते. पुरुषाच्या देहाची ऐट झाली, स्त्रीच्या देहाचे टोपणनाव झाले.

उमादेवींनी या हशावर चार मुलांचा संसार उभा केला. अनाथ मुलीने मिळविलेले हे यश लहान नाही. त्यांना केवळ बिचारी ठरविणे हाही त्यांच्यावर अन्यायच होईल. त्यांनी मोबदला घेऊन लोकांना हसविले. परंतु त्यांच्या नावाने ज्या मुलींना हिणविले गेले, त्यांना कसलाच मोबदला मिळाला नाही. त्यांनी स्नेहसंमेलनात नाचणे सोडले, डबा लपवून खाल्ला, छायाचित्रात मागच्या रांगेत उभ्या राहिल्या.

स्थूलता म्हणजे आळस किंवा खादाडपणा, हा समज वैद्यकशास्त्राने केव्हाच मागे टाकला आहे. आनुवंशिकता, संप्रेरकांतील बिघाड, काही औषधे, अपुरी झोप आणि राहणीमान यांचा त्यात वाटा असतो. स्थूल व्यक्तींची हेटाळणी थांबवावी, असे आवाहन विविध देशांतील तज्ज्ञांनी २०२० मध्ये एकत्रितपणे केले. हिणविल्याने वजन घटत नाही, उलट माणूस उपचारांपासून दूर जातो, हे त्यांचे म्हणणे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे २४ टक्के महिलांचे वजन प्रमाणापेक्षा अधिक आढळले. म्हणजे ही बाब चारचौघींतील एकीची आहे.

२४ नोव्हेंबर २००३ रोजी मुंबईत अंधेरी येथे उमादेवींचे निधन झाले. विरारहून सुटणारी लोकल रोज त्याच अंधेरीतून पुढे जाते. एखादीच्या कानातील इअरफोनमध्ये ‘दर्द’मधील ते गाणे वाजतही असेल. ते ऐकताना गायिकेच्या देहाचा विचार तिच्या मनात येत नाही. समोर उभ्या असलेल्या चौथीसाठी सरकतानाही तो येऊ नये, एवढेच.