दालनातून रानाकडे : डॉ. सलीम अली

मुंबईत काळा घोडा परिसरात घुमटाची एक भव्य दगडी इमारत आहे. आज ती छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय या नावाने ओळखली जाते. पूर्वी तिचे नाव प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम असे होते. १९२६ साली या संग्रहालयाच्या निसर्ग-इतिहास विभागात एका तरुणाची मार्गदर्शक व्याख्याता म्हणून नेमणूक झाली. वेतन होते दरमहा ३५० रुपये. शाळेतील मुलांना व इतर प्रेक्षकांना दालनातून फिरवून, काचेमागील पशुपक्ष्यांची ओळख करून देणे हे त्याचे काम. पुढे भारताचे थोर पक्षिशास्त्रज्ञ म्हणून जगाला परिचित झालेले डॉ. सलीम अली ते हेच.

सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. ते एक वर्षाचे असताना वडील वारले आणि तीन वर्षांचे होईपर्यंत आईचेही छत्र हरपले. खेतवाडीत राहणारे मामा अमिरुद्दीन तय्यबजी व मामी हमिदा बेगम यांनी त्यांचा सांभाळ केला. लहानपणी सलीम यांना छऱ्याच्या बंदुकीने चिमण्या टिपण्याचा नाद होता. एके दिवशी त्यांनी पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. ही चिमणी नेहमीची नव्हती. मामांनाही तिची जात सांगता येईना. त्यांनी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पाठवले.

सोसायटीचे सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड हे वयाने व मानाने मोठे गृहस्थ. त्यांच्यासमोर मेलेली चिमणी घेऊन उभे राहताना त्या मुलाला धाकधूक वाटली असल्यास नवल नाही. मिलार्ड यांनी मात्र आपुलकीने विचारपूस केली, ती पीतकंठी चिमणी असल्याचे सांगितले आणि जतन करून ठेवलेल्या पक्ष्यांचे खण उघडून दाखवले. एका जाणत्या माणसाने दिलेल्या या थोड्या वेळामुळे त्या मुलाचे पक्ष्यांशी नाते जडले, ते कायमचे.

शिक्षणाची वाट मात्र सरळ नव्हती. १९१३ साली मॅट्रिक झाल्यावर सलीम अली सेंट झेवियर महाविद्यालयात दाखल झाले. परंतु अभ्यास अर्धवट सोडून घरच्या खाण व लाकूड व्यवसायासाठी ब्रह्मदेशात तेव्हॉयला गेले. तेथे व्यापारापेक्षा जंगलातील पक्ष्यांकडेच त्यांचे लक्ष अधिक असे. १९१७ साली ते मुंबईस परतले व वाणिज्य विषयाबरोबर प्राणिशास्त्रही शिकले. १९१८ साली तहमिना यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेत पक्षितज्ज्ञाचे पद मिळावे म्हणून त्यांनी प्रयत्न केला. पण विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे ते मिळाले नाही.

अशा परिस्थितीत संग्रहालयातील नोकरी हा मोठा आधार होता. तथापि, दोनच वर्षांत त्यांना या कामाचा कंटाळा येऊ लागला. दालनातील पक्षी निश्चल होते. पिसांचा रंग, चोचीचा आकार, पंखांची लांबी या गोष्टी ते पाहणाऱ्याला सांगू शकत. परंतु पक्षी काय खातो, जोडीदार कसा निवडतो, पिले कशी वाढवतो, याचे उत्तर काचेमागे मिळत नाही. अधिक ज्ञान मिळवण्यासाठी १९२८ साली ते रजा घेऊन जर्मनीस गेले. बर्लिनच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात नामवंत पक्षिशास्त्रज्ञ प्रा. एर्विन श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली त्यांनी शास्त्रीय अभ्यासाची शिस्त आत्मसात केली.

१९३० साली ते परतले, तेव्हा त्यांची जागाच उरली नव्हती. निधीअभावी मार्गदर्शक व्याख्यात्याचे पद रद्द करण्यात आले होते. वय तेहतीस, पदरी संसार, हाती पदवी नाही आणि नोकरीही नाही! मुंबईतील खर्च झेपेना, म्हणून अलिबागजवळच्या किहीम या किनाऱ्यावरील गावी ते सपत्नीक राहण्यास गेले.

तेथे सुगरण पक्ष्यांची वसाहत त्यांच्या दृष्टीस पडली. दिवसेंदिवस त्यांनी तिचे चिकाटीने निरीक्षण केले. सुगरण या नावावरून मादीच घरटे विणत असावी असे वाटते. प्रत्यक्षात विणकर असतो नर. तो घरटे अर्धे विणून थांबतो. माद्या येऊन त्याची पाहणी करतात. एखादीने ते पसंत केले की नर ते पूर्ण करतो आणि मादी आत अंडी घालते. त्यानंतर नर जवळच दुसरे घरटे विणू लागतो व दुसऱ्या मादीची वाट पाहतो. हा अभ्यास १९३१ साली सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि पक्षिशास्त्रज्ञांमध्ये सलीम अलींचे नाव झाले. नोकरी गेली नसती, तर ही वसाहत त्यांना इतक्या सवडीने पाहता आली असती का, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

पुढे केवळ प्रवास व मुक्कामाचा खर्च घेऊन, कामाचा मोबदला न घेता, त्यांनी हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन अशा अनेक संस्थानांतील पक्ष्यांचे सर्वेक्षण केले. या खडतर भ्रमंतीत तहमिना त्यांच्यासोबत असत. १९३९ साली शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. हे दुःख मोठे होते. तरी सलीम अलींनी काम थांबवले नाही.

१९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांविषयीचे सचित्र इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. सामान्य वाचकाला पक्षी ओळखता यावा, अशी त्याची मांडणी होती. संग्रहालयात समोर उभ्या असलेल्या मोजक्या प्रेक्षकांना जे सांगायचे, ते आता देशभरातील वाचकांपर्यंत पोहोचले. सिडनी डिलन रिप्ली यांच्यासह लिहिलेला त्यांचा दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाला. भरतपूरचे पाणपक्ष्यांचे क्षेत्र आणि केरळमधील सायलेंट व्हॅलीचे अरण्य वाचावे, यासाठीही त्यांनी आपले वजन खर्च केले. १९५८ साली पद्मभूषण व १९७६ साली पद्मविभूषण देऊन भारत सरकारने त्यांचा गौरव केला.

२० जून १९८७ रोजी नव्वदाव्या वर्षी मुंबईत त्यांचे निधन झाले. मार्गदर्शक व्याख्याता हे पद त्यांच्याकडे जेमतेम काही वर्षे होते. लोकांना पक्षी दाखवण्याचे व समजावून सांगण्याचे काम मात्र त्यांनी आयुष्यभर केले.