विश्लेषण : चार शस्त्रक्रियांनी न सुटलेली कंबरदुखी व्यायामाने कशी आटोक्यात आली? केनेडींची कहाणी काय सांगते?

जॉन एफ. केनेडी १९६१ मध्ये ४३व्या वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष झाले. छायाचित्रांत तरुण, तडफदार दिसणारे केनेडी प्रत्यक्षात कंबरेला पट्टा बांधून वावरत होते.

दुखणे कधीपासून?

केनेडींचा जन्म १९१७ चा. हार्वर्डमध्ये शिकत असल्यापासून त्यांची कंबर दुखे. त्यामुळे लष्कराने त्यांना नाकारले. वडिलांच्या ओळखीने ते नौदलात गेले. ऑगस्ट १९४३ मध्ये जपानी विनाशिकेच्या धडकेने त्यांची ‘पीटी-१०९’ नौका दुभंगली. भाजलेल्या सहकाऱ्याच्या लाइफ जॅकेटचा पट्टा दातांत धरून केनेडी कित्येक तास पोहत राहिले. दुखणे आणखी बळावले.

शस्त्रक्रियांचे काय झाले?

तेव्हा निदानाची भिस्त एक्स-रेवर होती. त्यात हाडे दिसतात. मणक्यांमधील चकती वा नसा दिसत नाहीत. सरकलेली चकती नस दाबते, हे मिक्स्टर आणि बार या डॉक्टरांनी १९३४ मध्ये दाखवून दिल्यावर चकतीच्या शस्त्रक्रिया वाढल्या. केनेडींवर ती १९४४ मध्ये झाली, पण आराम पडला नाही. १९५४ मध्ये धातूची पट्टी बसवून मणके जोडण्यात आले. त्यांना ॲडिसन हा ग्रंथींचा आजार असल्याने धोका मोठा होता. जंतुसंसर्ग झाला, ते कोमात गेले. १९५५ मध्ये पट्टी काढावी लागली. १९५७ मध्ये तिथेच झालेल्या गळवासाठी चौथी शस्त्रक्रिया झाली.

गुण कशाने आला?

डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांनी स्नायूंत दिलेल्या इंजेक्शनांनी तात्पुरता आराम मिळे. १९६१ मध्ये कॅनडात वृक्षारोपण करताना कंबर पुन्हा धरली. त्यानंतर डॉ. हान्स क्राउस यांनी आखडलेल्या, कमजोर स्नायूंवर लक्ष केंद्रित केले आणि नियमित व्यायाम सुरू करून दिला. काही महिन्यांत फरक दिसला. पट्टा मात्र सुटला नाही. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डल्लासमध्ये हत्या झाली तेव्हाही तो कंबरेला होता.

आज काय बदलले?

एमआरआयमध्ये चकती आणि नसा स्पष्ट दिसतात. पण काहीही दुखत नसलेल्या अनेकांच्या एमआरआयमध्येही फुगलेली चकती आढळते. म्हणून नुसता अहवाल पाहून शस्त्रक्रिया ठरवली जात नाही. लक्षणे आणि तपासणी त्याच्याशी जुळावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत दीर्घकालीन कंबरदुखीसाठी व्यायाम, रुग्णाला नीट माहिती देणे आणि मानसोपचार यांची शिफारस आहे. कंबरेचे पट्टे नेहमीचा उपचार म्हणून वापरू नयेत, असेही त्यांत म्हटले आहे.

डॉक्टरांकडे तातडीने कधी जावे?

पायातील ताकद कमी होणे, लघवी-शौचावरील ताबा सुटणे, जांघेत बधिरपणा किंवा कंबरदुखीसोबत ताप असल्यास वेळ घालवू नये. अशा वेळी शस्त्रक्रिया गरजेची ठरू शकते. एरवी घाई नको, हालचाल थांबवू नये, हाच केनेडींच्या दुखण्याचा धडा आहे.