कावडीतले पाणी

बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यात चकलांबा नावाचे गाव आहे. या गावाच्या उत्तरेला गोदावरी नदी वाहते आणि नदीच्या पलीकडच्या काठावर पैठण हे जुने शहर आहे. संत एकनाथ पैठणचे. त्यांचा जन्म १५३३ च्या सुमारास झाला. तेव्हा या भागावर अहमदनगरच्या निजामशाहीचे राज्य होते.

एकनाथ लहान असतानाच त्यांचे आईवडील वारले. आजोबा चक्रपाणी यांनी त्यांना वाढवले. ज्ञानाची ओढ लागलेला हा मुलगा पुढे दौलताबादच्या किल्ल्यावर गेला. तेथील किल्लेदार जनार्दनस्वामी हे मोठे विद्वान होते. एकनाथांनी त्यांना गुरू मानले. जनार्दनस्वामींचे गुरू चांद बोधले सूफी परंपरेतले होते, असे अनेक अभ्यासक मानतात.

शिक्षण संपल्यावर एकनाथ पैठणला परतले. त्यांनी गिरिजाबाईंशी लग्न केले आणि संसार करीतच ग्रंथ लिहिले. भागवतावरील त्यांचा मोठा ग्रंथ १५७३ साली काशीत पूर्ण झाला. १५८४ साली त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. पण खेड्यापाड्यांतल्या माणसाला त्यांचे ग्रंथ माहीत नसले, तरी त्यांच्या गाढवाची गोष्ट माहीत असते. महिपतींनी १७६२ साली लिहिलेल्या 'भक्तविजय' या ग्रंथातही संतांच्या अशा कथा आहेत.

ती गोष्ट अशी सांगतात. एकनाथ काही यात्रेकरूंबरोबर रामेश्वरला निघाले होते. सर्वांच्या खांद्यांवर कावडी होत्या आणि कावडींत गंगेचे पाणी होते. हे पाणी रामेश्वराला वाहायचे, अशी जुनी रीत आहे. आज आपण गाडीत बसून जातो, म्हणून ती वाट किती लांब होती हे पटकन लक्षात येत नाही. उत्तरेतून दक्षिणेच्या टोकापर्यंत महिनोन्महिने पायी चालायचे आणि पाणी सांडू द्यायचे नाही!

वाटेत तापलेल्या वाळूत एक गाढव पडलेले होते. तहानेने त्याचा जीव चालला होता. यात्रेकरूंना वाईट वाटले, पण आपली कावड कोण रिकामी करणार? एकनाथ मात्र थांबले. त्यांनी कावड खाली ठेवली आणि ते पाणी गाढवाच्या तोंडात ओतले. गाढव सावध झाले आणि उठून उभे राहिले.

सोबतचे लोक रागावले. त्यांचा राग अगदीच खोटा नव्हता. पाणी देवासाठी आणले होते, त्यामागे कित्येक महिन्यांचे कष्ट होते. गाढव वाचले, तरी ते यांचे ओझे थोडेच वाहणार होते! शिवाय प्राणी कोणता, तर गाढव. मराठीत 'गाढव' आणि उर्दूत 'गधा' ही आपण एकमेकांना सहज देतो ती शिवी. एकनाथांनी त्यांना शांतपणे समजावले की, आपले पाणी येथेच रामेश्वराला पोहोचले आहे.

पैठणच्या वाळवंटातली त्यांची आणखी एक गोष्ट आहे. त्या काळी अस्पृश्य मानलेल्या घरातले एक मूल तापलेल्या वाळूवर रडत होते. एकनाथांनी त्याला कडेवर उचलून घरी पोहोचवले. दोन्ही वेळा, समोरचा कोण आहे हे त्यांनी विचारलेच नाही. कोणाला तहान लागली आहे, कोणाचे पाय पोळत आहेत, एवढेच पाहिले.

तहानलेल्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून आपल्या चामडी मोज्यात पाणी भरून आणणाऱ्या माणसाची हकिकत तुम्ही हदीसमधून ऐकली असेल. ती आठवली की नाथांची गोष्ट परकी वाटत नाही.

युरोपात हा विचार कायद्याच्या भाषेत पुढे आला. प्राण्याला बुद्धी किती आहे यापेक्षा त्याला यातना होतात की नाही, हे पाहावे, असे जेरेमी बेंथम या इंग्रज विचारवंताने १७८९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडले. १८२२ साली इंग्लंडमध्ये जनावरांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा झाला. त्यात गाढवाचेही नाव होते. भारतात सध्याचा कायदा १९६० सालचा आहे.

फाल्गुन वद्य षष्ठीला, १५९९ साली, एकनाथांनी गोदावरीत देह ठेवला. या तिथीला पैठणला मोठी यात्रा भरते व दूरदूरच्या गावांतून दिंड्या येतात. तिच्या आदल्या दिवशी, रंगपंचमीला, शेजारच्या अहिल्यानगर म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात मढी येथे गाढवांचा बाजार असतो. अशी गाढवे पुढे माती, वाळू आणि विटा वाहतात. १९६५ च्या नियमांप्रमाणे, तापमान ३७ अंशांच्या वर असेल तेथे दुपारी १२ ते ३ या वेळेत जनावराला कामाला जुंपता येत नाही. बीडच्या उन्हाळ्यात तर पारा चाळिशी ओलांडतो. गाढवाच्या पाठीवर ५० किलोपेक्षा जास्त ओझे लादण्यासही मनाई आहे. एक वीट साधारण तीन किलोची धरली, तर त्या सोळा विटा होतात.